निडर की निर्भीक?
ठाण्यात जांभळी नाक्यावर मामेभावाची सोन्याची पेढी. रात्री रोकड घेऊन घरी येतो, म्हणून शस्त्राचा परवाना काढला. आता अडलंय कोणतं रिव्हॉल्व्हर घ्यायचं यापाशी.

बंगालमधल्या इछापूरच्या सरकारी कारखान्याचं 'निडर' 250 ग्रॅमचं, .22 बोअरचं (बोअर म्हणजे नळीचा व्यास, इंचात), आठ गोळ्यांचं. खिशात मोबाइलपेक्षा जास्त काही जाणवत नाही. कानपूरचं 'निर्भीक' 2014 साली आलं, 500 ग्रॅम, .32 बोअर, गोळ्या सहा. कंबरेला लावलं की पट्टा एका अंगाला ओढला जातो, वर ठाण्याचा घाम! तरी मी निर्भीकच म्हणेन. .22ची गोळी हलकी, शिवाय तिची रिमफायर (बुडाच्या कडेवर ठोका बसून उडणारी) काडतुसं अधूनमधून फुसकी निघतात. काहीही घेतलं तरी होल्स्टर, म्हणजे अंगावर बांधायचं हत्याराचं म्यान, हवंच. नियमाने हत्यार त्यात किंवा तशाच पिशवीत, झाकून न्यायचं. होल्स्टर मात्र त्याने सगळ्यात आधी घेऊन ठेवलंय.