नेमप्लेटवर 1 एचपी, आत अर्धाच: मोटर घेताना झालेली फसवणूक

घरच्या छोट्या मिलिंग मशीनची मोटर बदलायचा विचार करत असाल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यात स्वस्तात 'नवी' मोटर शोधणाऱ्यांनी तर नक्कीच.

माझ्या मशीनला मूळची 350 वॉटची ब्रशवाली डीसी मोटर आणि हेडमध्ये प्लॅस्टिकचे गिअर. ॲल्युमिनियमला ठीक, पण माइल्ड स्टीलमध्ये जरा खोल कट घेतला की गिअरचे दात जातात. म्हणून बेल्ट ड्राइव्ह, 1 एचपीची थ्री-फेज मोटर आणि सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह), असा बेत ठरला. ऐरोलीतल्या फ्लॅटमध्ये थ्री-फेज नाही, आणि फसवणारा नेमका याचाच फायदा घेतो.

असा साधा ड्राइव्ह तीन फेज देतो खरा, पण 230 व्होल्टचेच. त्यामुळे मोटर 230 ला डेल्टामध्ये, म्हणजे तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात, जोडता यायला हवी. हे मी विक्रेत्याला व्हॉट्सॲपवर आधीच लिहिलं होतं. उत्तर आलं, "हो सर, डेल्टा 230, ड्राइव्हला एकदम ओके. नवीन पीस आहे."

एमआयडीसीतल्या गाळ्यात त्याने मोटर चालवून दाखवली. थरथर नाही, कोरा निळा रंग, प्लेटवर 1 एचपी, 1440 आरपीएम. चालणारच होती, कारण गाळ्यात 415 व्होल्टची थ्री-फेज लाइन आहे आणि शाफ्टवर लोड शून्य! 6,500 रुपये यूपीआयने घेतले, पक्कं बिल उद्या पाठवतो म्हणाला. आला तो जीएसटी नंबर नसलेल्या चिठ्ठीचा फोटो.

घरी आणल्यावर पुलीच बसेना. 1 एचपीच्या मोटरसाठी म्हणून 19 मिमी बोअरची करून घेतली होती, ती शाफ्टवर खुळखुळायला लागली. व्हर्निअर (जाडी मोजायचं साधन) लावला तर शाफ्ट 14 मिमी. विचारलं तर म्हणे, "नवीन मॉडेलला शाफ्ट बारीकच येतो सर." नवा बुश करून पुली बसवली. मोकळी छान फिरायची, पण एंड मिल, म्हणजे कापणारं टूल, स्टीलला टेकली की जागेवर बसायची. तर म्हणे, "तुमचा ड्राइव्ह खराब आहे."

शेवटी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका वाइंडिंगवाल्या काकांकडे नेली. टर्मिनल बॉक्समध्ये तीनच वायर. काकांनी मागचं झाकण काढलं आणि वाइंडिंगच्या कडेला स्लीव्हखाली दाबून बांधलेला स्टारचा जोड (तिन्ही वाइंडिंगचं एकेक टोक एकत्र) बोटाने उचलून दाखवला. "ही 415 ची आहे. आणि वाइंडिंग नवीन भरलंय, बॉडी जुनी आहे." खरवडल्यावर निळ्या रंगाखाली राखाडी रंग निघाला, प्लेटचे रिव्हेट तेवढे चकचकीत.

415 ची स्टार मोटर 230 वर 50 हर्ट्झला चालवली, तर तिची ताकद तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही खाली येते. मोकळी असताना हे कळत नाही, कटमध्येच कळतं. दुसरी लबाडी शाफ्टची. नेहमीच्या 1440 आरपीएमच्या मोटरमध्ये 1 एचपी येते 80 च्या फ्रेममध्ये (फ्रेम म्हणजे बॉडीचा ठरलेला आकार), शाफ्ट 19 मिमी. 14 मिमीचा शाफ्ट 71 च्या फ्रेमचा, म्हणजे साधारण अर्धा एचपी. पायावर बसणारी मोटर असेल तर पायाच्या तळापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची मोजा, मिलिमीटरमध्ये तोच फ्रेमचा आकडा निघतो. प्लेट बदलता येते, ही उंची बदलत नाही. गाळ्यात जाताना व्हर्निअर खिशात ठेवा, टर्मिनल बॉक्स उघडायला लावा, तीन वाइंडिंगची मिळून सहा टोकं दिसली नाहीत तर परत फिरा, त्याशिवाय डेल्टा जोडता येत नाही. आणि चाचणी 230 च्या ड्राइव्हवर, शाफ्टवर लोड देऊनच घ्या. तयार नसेल, तर माल तिथेच ठेवा.

मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर विक्रेत्याने निम्मे पैसे देऊ केले, मी नाकारले. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो तिथल्या आयोगाकडे जाता येतं, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. व्हॉट्सॲपवरचं 'डेल्टा 230' आणि यूपीआयची पावती जपून ठेवली आहे. काका जोड सोडवून सहा वायर बाहेर काढून द्यायला तयार आहेत, पण निकाल लागेपर्यंत मोटरला हात लावू देणार नाही. तोच माझा पुरावा आहे.