हक्कसोडपत्र की वाटप : गावच्या सामायिक मिळकतीसाठी कोणता कागद करावा

गणपतीला किंवा शिमग्याला चाकरमानी गावी आले की कोकणातल्या बहुतेक घरांत जमिनीचा विषय निघतो. सातबारावर आजोबांचे किंवा थोरल्या काकांचे नाव असते, त्यापुढे 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचे मॅनेजर असा शेरा असतो, आणि त्या एका नावामागे दोन पिढ्यांचे भाऊ, बहिणी आणि चुलत भावंडे उभी असतात. अशा वेळी मुंबईहून चार दिवसांसाठी आलेल्या बहिणीला "नाव लावण्यापुरती सही हवी आहे" असे सांगून जो कागद पुढे केला जातो, तो वारसनोंदीचा अर्ज आहे की हक्कसोडपत्र आहे, हे तिने सर्वांत आधी पाहिले पाहिजे. वारसनोंदीने तिचे नाव सातबारावर चढते. हक्कसोडपत्राने तिचा हक्कच संपतो.

हक्कसोडपत्र म्हणजे एका सहहिस्सेदाराने आपला हिस्सा दुसऱ्या सहहिस्सेदाराच्या लाभात सोडून देणे. ज्याचा मिळकतीत मुळात हिस्सा नाही, त्याच्या लाभात ते होत नाही. स्थावर मिळकतीसाठी ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते, आणि वडिलोपार्जित मिळकत भावाबहिणींच्या लाभात सोडायची असेल तर मुद्रांक नाममात्र लागतो. म्हणूनच हा मार्ग इतका रुळला आहे. मात्र एकदा नोंदवलेले हक्कसोडपत्र मन बदलले म्हणून मागे घेता येत नाही. फसवणूक किंवा दबाव झाला असेल तर दिवाणी न्यायालयात दावा लावून ते सिद्ध करावे लागते. वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीबाबत मुलींकडून हक्कसोड घेण्याची रीत तर सरळ चुकीची आहे, कारण तेव्हा त्यांचा हक्क निर्माणच झालेला नसतो. अज्ञान म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलांचा हिस्साही न्यायालयाच्या परवानगीशिवाय सोडून देता येत नाही.

वाटपात कोणी काही सोडत नाही. सामायिक हिस्सा फक्त वेगळा केला जातो. सगळ्यांची संमती असेल तर शेतजमिनीसाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो, आणि माझ्या मते कोकणातल्या कुटुंबाने पहिला विचार याच मार्गाचा करावा. आंबा-काजूच्या कलमांची बाग एकाकडे, वरकस म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन दुसऱ्याकडे आणि विहिरीचे पाणी दोघांना अशी खरीखुरी मांडणी इथे करता येते, आणि बहिणीला हिस्सा हवा की नको हा प्रश्नही उघडपणे सर्वांसमोर येतो. त्याच्या मर्यादाही आहेत. कोणी मालकीचा वाद उभा केला की तो दिवाणी न्यायालयात सुटेपर्यंत तहसीलदार वाटप करू शकत नाहीत. जमीन फारच लहान असेल तर शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडायला मनाई करणारा १९४७ चा तुकडेबंदी कायदा आड येतो. आणि राहत्या घराची वाटणी या कलमाखाली होत नाही, त्यासाठी नोंदणीकृत वाटणीपत्रच करावे लागते.

संमती नसेल तर वाटपाचा दावा उरतो. त्यात न्यायालय आधी प्राथमिक हुकूमनामा देते, म्हणजे कोणाचा किती हिस्सा हे ठरवते. त्यानंतर शेतसारा आकारलेल्या जमिनीची प्रत्यक्ष वाटणी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते, तर घराबाबत न्यायालय आपला आयुक्त (कोर्ट कमिशनर) नेमून अंतिम हुकूमनामा करते. प्राथमिक हुकूमनामा हातात पडला की दावा जिंकला असे समजून अनेक कुटुंबे थांबतात आणि पुढची पिढी तोच कागद घेऊन पुन्हा वकिलाकडे जाते. हे मला फार खेदाचे वाटते. दावा चालू असताना तडजोड झाली तर ती लोकअदालतीत नोंदवावी. तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो, त्यावर अपील नसते आणि भरलेले न्यायशुल्क परत मिळते. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हेही ध्यानात ठेवावे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील पक्षकारांना उच्च न्यायालयात जावे लागलेच, तर १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबईऐवजी कोल्हापूरचे सर्किट बेंच आहे.

बक्षीसपत्र आणि मृत्युपत्र यांचा विचार वेगळ्या गरजेसाठी करावा. बक्षीसपत्र नोंदवावेच लागते, दोन साक्षीदार लागतात, घेणाऱ्याने ते देणाऱ्याच्या हयातीत स्वीकारावे लागते आणि हक्क लगेच जातो. शिवाय भावाला द्यायचे असेल तर मुद्रांक मिळकतीच्या मूल्यावर टक्केवारीने बसतो, त्यामुळे भावंडांत हक्कसोडपत्रच स्वस्त पडते. हिंदू अविभक्त कुटुंबाच्या मिळकतीतला न वाटलेला हिस्सा इतरांच्या संमतीवाचून बक्षीस देता येत नाही, पण मृत्युपत्राने देता येतो. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, आणि ते हयातीत कितीही वेळा बदलता येते. ज्या बहिणीला जमीन शेवटी भावाच्या मुलांनाच द्यायची आहे, पण आज हातचा हक्क जाऊ द्यायचा नाही, तिच्यासाठी मृत्युपत्र अधिक सुरक्षित आहे.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क जन्मतःच मुलाइतकाच आहे, आणि त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले आहे. तरीही बागेत राबणाऱ्या भावाला जमीन मनापासून द्यावी असे एखाद्या बहिणीला वाटत असेल, तर तिने खुशाल हक्कसोडपत्र करावे. फक्त त्यात 'सर्व मिळकती' असे मोघम न लिहिता सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर एकेक करून लिहावेत. घर त्या यादीत घातले नाही, तर बाग भावाच्या नावावर होऊनही माहेरच्या घरातला तिचा हिस्सा कायम राहतो.