वीस किलोचा होम जिम सेट आणि दोन काटे : जूनपासून वापरल्यानंतर

वस्तू तीन घेतल्या. पीव्हीसी प्लेट्सचा वीस किलोचा होम जिम सेट, स्वयंपाकघरात ठेवायचा दहा किलोपर्यंतचा डिजिटल काटा आणि मोबाइलला जोडला जाणारा, अंगातली चरबीसुद्धा दाखवणारा वजनकाटा. तिन्ही मिळून साडेतीन हजारांच्या आत. जूनमध्ये घेतल्या, आता फेब्रुवारी चालू आहे. घर दादर पश्चिमेला, वन बीएचके, दुसरा मजला, माणसं चार. जागेचं आधी सांगते, कारण असल्या वस्तूंचं निम्मं बरंवाईट जागेवर ठरतं.

निकाल थोडक्यात हवा असेल त्यांच्यासाठी : सगळ्यात स्वस्त, चारशे रुपयांचा स्वयंपाकघरातला काटा सगळ्यात कामाचा निघाला. स्मार्ट म्हणवणारा वजनकाटा जवळजवळ बिनकामाचा. जिम सेट मधला, त्याच्याशी माझं रोज थोडं भांडण आणि बरंच प्रेम.

माझं वय सत्तेचाळीस. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती सकाळी चालणं कित्येक वर्षांचं. तरी गेल्या मे महिन्यात एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर. डॉक्टर म्हणाले, चालताय ते सोडू नका, पण वजनं उचलायला लागा. कारण सरळ आहे. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू ओढून घेतात, आणि चाळिशीनंतर स्नायूच कमी होत जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींतही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि त्याच्या जोडीला किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, असं दोन्ही आहे. आपण पहिला भाग तेवढा उचलतो. पार्कातच समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब चालतो, तिथल्या उदय देशपांडे सरांना २०२४ साली पद्मश्री मिळाली, आणि त्याच्या बाहेरून गप्पा मारत चकरा मारणाऱ्या आम्ही बायका दंडाला कधी ताण म्हणून देत नाही.

जिम लावली नाही, कारण ऑफिस फोर्टला. घरी पोचेपर्यंत साडेसात होतात, त्यापुढे कपडे बदलून पुन्हा बाहेर पडणं माझ्याच्याने होणार नाही हे मला पक्कं माहीत होतं.

आता सेटबद्दल. खोक्यात पाच किलोच्या दोन आणि अडीच किलोच्या चार प्लेट्स, डंबेलचे दोन छोटे रॉड, एक लांब रॉड, आणि एक स्किपिंग दोरी जी दुसऱ्या मजल्यावर कोणी वापरू देत नाही. प्लेट्स म्हणजे बाहेरून प्लास्टिक, आत सिमेंट. पहिले काही दिवस घरभर नव्या चपलांचा वास होता, बाल्कनीत ठेवल्यावर गेला. वजन छापलंय तेवढं भरत नाही. स्वयंपाकघरातला काटा हाताशी होताच, म्हणून सगळ्या प्लेट्स तोलल्या. अडीचच्या प्लेट्स २.३ च्या आसपास, पाचची एक ४.६. व्यायामाला याने काही बिघडत नाही, आज जे उचललं त्यापेक्षा पुढे जास्त उचलायचं एवढंच महत्त्वाचं. पण किलोच्या भावाने विकताय तर किलो तरी पुरता द्या.

खरी अडचण टप्प्यांची. दोन डंबेल हवे असतील तर आधी पाच-पाचचे होतात. पुढचा टप्पा एकदम दहाचा, आणि तोही एका बाजूला पाचची एक, दुसऱ्या बाजूला अडीचच्या दोन अशी जुळवाजुळव करून. पाचाचं ओव्हरहेड प्रेस (खांद्यापासून डोक्यावर वजन ढकलणं) सहज व्हायला लागलं की दहाचं जमेल असं मुळीच नाही, बाईच्या खांद्याला तर नाहीच. म्हणून एक-एक किलोच्या चार प्लेट्स वेगळ्या मागवल्या. आता पाच, सात, दहा, बारा असं चढता येतं. सेट घेणार असाल तर या छोट्या प्लेट्स त्याच दिवशी मागवा. स्क्वॉटला, म्हणजे बैठकांना, मात्र सगळ्या प्लेट्स एकाच रॉडवर चढवून तो छातीशी उभा धरायचा, त्याला सुरुवातीला वीस किलो पुष्कळ पुरतात.

मुंबईत हा सेट घेणाऱ्यांनी पावसाळ्याचा विचार करून ठेवावा. जुलैच्या मध्यावर रॉडच्या आट्यांमध्ये तांबूस गंज दिसायला लागला. कोरड्या फडक्याने पुसून शिलाई मशीनचं तेल लावलं, ते आता दर पंधरवड्याला लावते. ऑगस्टमध्ये एक प्लेट हातातून निसटून लादीवर पडली. लादी वाचली, प्लेटला चीर गेली आणि तेव्हापासून त्यातून सिमेंटची पूड गळायची. कंपनीला फोटो पाठवले तर उत्तर आलं की वॉरंटी फक्त रॉडला आहे. रॉड तुटतो कधी? चिकटपट्टी गुंडाळून तीच प्लेट वापरतेय. खाली जुनी गादी दुमडून वर सतरंजी टाकते, त्यामुळे खालच्या मजल्यावरच्या काकूंची एकदाच आलेली तक्रार पुन्हा आली नाही.

व्यायाम आठवड्यातून तीनदा, सकाळी, अर्धा-पाऊण तास. स्क्वॉट, रोमानियन डेडलिफ्ट (कमरेतून वाकून वजन उचलणं), एका हाताने रोइंग (वाकून वजन कमरेकडे ओढणं), खांद्यावर प्रेस, आणि पुशअप. पुशअप मी ओट्यावर करते. डब्यांसाठी कुकर लावला की ओट्याच्या कडेला हात टेकून, टाचा मागे नेऊन, छाती ग्रॅनाइटला लागेपर्यंत खाली. एका शिट्टीपासून दुसऱ्या शिट्टीपर्यंत एक सेट, मधल्या वेळात फोडणी. सुरुवातीला पाच झाले की कोपरं थरथरायची. दिवाळीनंतर ओट्यावरून पलंगाच्या कडेवर उतरले, आता जमिनीवर गुडघे टेकून होतात. हात जितके खाली टेकाल तितकं अंगाचं वजन हातांवर जास्त येतं, त्यामुळे वेगळं वजन घ्यावंच लागत नाही. पहिल्या आठवड्यात दादरच्या पुलाच्या पायऱ्या उतरताना मांड्या इतक्या भरून आल्या होत्या की कठडा धरून उतरले. हे दुखणं व्यायामानंतर एक-दोन दिवसांनी सगळ्यात जास्त असतं आणि आपोआप ओसरतं. सांध्यात टोचल्यासारखं दुखलं तर ते वेगळं, तिथे थांबायचं.

आता काटा, म्हणजे स्वयंपाकघरातला.

आपल्याकडे सगळ्यांची एक ठाम समजूत असते की जेवणात वरण आहे म्हणजे प्रोटीन आहे. मीही त्यातलीच. एके दिवशी वरणाला घेतलेली तूरडाळ काट्यावर ठेवली. चौघांना मिळून शंभर ग्रॅम. शंभर ग्रॅम कोरड्या तुरीच्या डाळीत साधारण बावीस ग्रॅम प्रोटीन, म्हणजे माझ्या वाटीत साडेपाच. दोन्ही वेळचं वरण धरलं तरी अकरा. आयसीएमआर आणि एनआयएन या आरोग्य-पोषणाच्या सरकारी संशोधन संस्थांच्या हिशोबाने मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम लागतं. माझं वजन तेव्हा ६८, म्हणजे छप्पन्न. वजनं उचलताय तर सत्तरच्या आसपास ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. (किडनीचा काही त्रास असेल त्यांनी हे विचारल्याशिवाय वाढवू नये.) पोळी-भाकरीतून दहा-बारा येतात. उरलेलं कुठून आणायचं हा प्रश्न त्या काट्यामुळे पहिल्यांदा डोळ्यांसमोर आला.

पावडर घेतली नाही. दोन उकडलेली अंडी म्हणजे बारा. पन्नास ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ म्हणजे आणखी अकरा-बारा, फक्त ती वाटीभर खायची, पोळीला लावण्यापुरती नाही. तीस ग्रॅम सोया वड्या म्हणजे पंधरा, त्या खिम्यासारख्या परतल्या तर घरात कुणी नाक मुरडत नाही. श्रावण संपल्यावर गोपी टँक मार्केटमधून बांगडा. शंभर ग्रॅममध्ये वीसच्या आसपास मिळतात. ओला बोंबील मला कितीही आवडत असला तरी तो बराचसा पाणीच असतो, काट्यावर त्याची फार लाज निघते. श्रीखंडासाठी बांधतो तसा चक्का बांधून, साखर न घालता, मीठ-मिरपूड आणि काकडी घालून खाल्ला तर ऑफिसातल्या चार वाजताच्या भुकेला पुरतो. पूर्वी त्या वेळेला चहासोबत बटाटेवडा असायचा. अजूनही शुक्रवारी असतो.

तेलाचा हिशोब याहून वाईट निघाला. घरी महिन्याला पाच लिटरचा डबा लागायचा. चौघांत वाटला तर माणशी रोजचे चाळीस मिलिलिटर, म्हणजे नुसत्या तेलातून साडेतीनशेच्या जवळपास कॅलरी. फोडणी कमी केली नाही. फोडणीशिवाय आमटी ही शिक्षा झाली. कढई काट्यावर ठेवून, काटा शून्य करून, मोजून तेल घालायला लागले एवढंच. डबा आता तीन लिटरचा येतो आणि चवीत फरक पडलाय असं घरात कुणी म्हटलेलं नाही. दाण्याच्या कुटाचंही तसंच. दाण्यात प्रोटीन असतं हे खरंच, पण तीस ग्रॅम दाण्यांत ते सात-आठ ग्रॅम आणि कॅलरी एकशे सत्तर. कूट म्हणजे प्रोटीन समजून मूठभर घालत राहिलं की काय होतं ते माझ्या कमरेला माहीत आहे.

सासूबाईंना हे मोजणं पटलं नाही. "मापून काय जेवायचं? आम्ही कधी मापलं?"

"आई, पुरणाला डाळ आणि गूळ तुम्ही मापूनच घेता की."

"ते पुरण असतं," म्हणाल्या. पण परवा साबुदाणा भिजवताना वाटी त्यांनी स्वतः काट्यावर ठेवली. साबुदाण्यात पिष्टाशिवाय जवळपास काही नसतं, प्रोटीन नावालाही नाही. त्यामुळे संकष्टीला आमच्याकडे आता खिचडीऐवजी भगर, दाण्याची आमटी आणि दही असतं. खिचडी आषाढीला आणि महाशिवरात्रीला, तेव्हा पोटभर.

कॅलरी मोजायची ॲप्स दोन-तीन वापरून सोडली. त्यात 'एक वाटी भाजी' असते, पण वाटी कुठली? आमच्याच घरात दोन मापांच्या वाट्या आहेत, एकीत दुसरीच्या दीडपट मावतं. शिवाय कच्चं की शिजलेलं हा घोळ. शंभर ग्रॅम तांदळाचा भात पावणेतीनशे-तीनशे ग्रॅम होतो. ॲपमध्ये कच्च्याच्या रकान्यात शिजलेल्याचं वजन टाकलं की जेवण एकदम तिप्पट दिसतं आणि माणूस घाबरून रात्री उपाशी झोपतो. रोज सगळं मोजायची गरजही नाही. महिनाभर मोजलं की डोळे तयार होतात. मी आता फक्त तेल, डाळ आणि कडधान्य मोजते.

राहिला वजनकाटा. वजन बरोबर दाखवतो, तेवढं श्रेय देते. पण चरबीची टक्केवारी आंघोळीआधी एक, आंघोळीनंतर दुसरी, फरक तीन टक्क्यांचा. असले काटे एका पायातून दुसऱ्या पायात अगदी क्षीण वीज सोडून तिला किती अडथळा होतो त्यावरून अंदाज बांधतात. अंगात पाणी किती, तळवे ओले की कोरडे, यावर आकडा हलतो, आणि ती वीज मुख्यतः पायांतूनच जाते, पोटाचं तिला फारसं कळत नाही. (पेसमेकर असलेल्यांनी यावर उभंच राहू नये.) नुसतं वजनही मीठ, पाणी, रात्रीचं जेवण यांनी एक-दीड किलो इकडचं तिकडे होतं. ते रोज बघून मूड घालवण्यात अर्थ नाही.

आणि वजन आपल्या लोकांचं फार काही सांगतही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधले डॉ. युडकिन यांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. बारीक दिसणारी आपली माणसं आतून अशी असतात. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयची धोक्याची रेषा २५ ऐवजी २३ ला आहे, आणि कमरेची मर्यादा बायकांना ८० सेंटिमीटर, पुरुषांना ९०. ती मोजायला शिंप्याची वीस रुपयांची टेप लागते. दीड हजारांच्या काट्यापेक्षा मला ती जास्त उपयोगी पडली. पोट आत न ओढता, श्वास सोडून मोजा.

"किती किलो उतरलं?" हे सगळेच विचारतात. साडेतीन. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. कंबर ९४ वरून ८६ झाली, एचबीएवनसी जानेवारीत ५.७ आलं, डॉक्टर म्हणाले अजून रेषेवरच आहे, तीन महिन्यांनी परत करा. हळदीकुंकवाला जमिनीवर मांडी घालून बसल्यावर हात न टेकता उठले, ते माझ्याच लक्षात आलं नाही, नणंदेने सांगितलं.

घ्यावं की नाही? काटा डोळे मिटून घ्या, फक्त वर भांडं ठेवल्यावर आकडा झाकला जात नाही ना ते बघा. आमच्याकडे कढई मोठी, आकडा वाकून वाचावा लागतो. वजनकाटा असेल तर वापरा, मुद्दाम घेऊ नका. सेट सुरुवातीला ठीक आहे, पण स्क्वॉटला मला आता वीस किलो कमी पडायला लागलेत. छोट्या रॉडवर आणखी प्लास्टिकच्या प्लेट्स मावत नाहीत, त्या फार जाड असतात. लोखंडी प्लेट्स त्याच वजनाला निम्म्या जाडीच्या मिळतात, पुढच्या महिन्यात त्याच घेणार आहे. दुकानात जायच्या आधी रॉडची जाडी मोजून न्या. प्लेटची भोकं वेगवेगळ्या मापांची येतात आणि उघडलेली प्लेट इथे कोणी परत घेत नाही.