जपान की व्हिएतनाम? आई-बाबा सोबत असतील तर फिरायला कुठे सोपं

दोन्हीकडे आई-बाबांना घेऊन फिरून आलोय, म्हणून इथल्या नागपूरकरांसाठी लिहितोय, पटेल तेवढं घ्या. कोणी तरणंताठं जात असेल तर माझं मत बाजूला ठेवा आणि सरळ जपानला जा.

ट्रेनमध्ये जपानशी तुलनाच नाही. तिथली बुलेट ट्रेन शिंकानसेन टोकियोहून क्योटोला सव्वादोन तासात पोचते. फक्त जेआर पास, म्हणजे पर्यटकांसाठीचा जपान रेल्वेचा ठराविक दिवसांचा पास, डोळे मिटून घेऊ नका, ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनवरून थेट ५०,००० झाला, आणि टोकियो-क्योटो एका बाजूचं तिकीट चौदा हजारांच्या आसपास, म्हणजे नुसतं जाऊन येऊन तो वसूल होत नाही. व्हिएतनाममध्ये हनोई ते हो ची मिन्ह सिटी १,७२६ किमी आणि तीस तासांच्या वर, आई-बाबांना घेऊन तिथे विमानच बरं. दा नांग ते ह्युए मात्र ट्रेननेच करा, हाय व्हॅन घाटात समुद्र अगदी खिडकीखाली येतो. स्लीपर बस आपल्या पुण्याच्या ट्रॅव्हल्ससारखीच, चढताना चपला पिशवीत घालायच्या एवढंच वेगळं, पण बर्थ खालचाच मागा.

आता माझ्यासाठी जे ठरलं ते म्हणजे चालणं. जपानमध्ये गाडी सेकंदाला पक्की, पण एका लाईनवरून दुसरीवर जायला जमिनीखालून किती चालावं लागतं बाप्पा! लिफ्ट असते, पण प्लॅटफॉर्मच्या भलत्याच टोकाला, आणि आईचे गुडघे दुपारपर्यंत बोलायला लागायचे. सीताबर्डीला मेट्रो बदलतो तसं समजून जाऊ नका. टॅक्सी उत्तम, पण रोज परवडत नाही.

व्हिएतनाममध्ये मोबाईलवर ग्रॅब (ओला-उबरसारखं टॅक्सीचं अ‍ॅप) उघडा, भाडं आधीच दिसतं, घासाघीस नाही, भाषेची अडचण नाही, गाडी हॉटेलच्या दाराशी. होई आनला तर रेल्वे स्टेशनच नाही, दा नांगहून तीसेक किमी गाडीनेच जायचं, आणि खरं सांगतो, आई सगळ्यात खुश त्याच दिवशी होती.

कदाचित कोणाला उलट अनुभव आला असेल, पण मला विचाराल तर आधी व्हिएतनाम. जपानच ठरलं असेल तर मोठ्या बॅगा ताक्क्युबिनने, म्हणजे तिथल्या सामानाच्या कुरिअरने, पुढच्या हॉटेलला पाठवा, बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी पोचतात, सोबत एका रात्रीचे कपडे आणि औषधं तेवढी ठेवा. बॅग जवळच हवी असेल तर लांबी-रुंदी-उंचीची बेरीज १६० सेंमीच्या वर जात नाही ना ते घरीच मोजा, नाहीतर क्योटोच्या शिंकानसेनमध्ये मोठ्या बॅगेची जागा असलेली सीट आधीच बुक करावी लागते.