निळ्या त्रिकोणाचं चॅनल, म्हणजे आमच्या घरचं जेलीफिन

सरळ मुद्द्यावर येते. जेलीफिन हे सॉफ्टवेअर फुकट आहे, चांगलं आहे, आणि हार्ड डिस्कवर पडून असलेले सिनेमे, नाटकं, लग्नाच्या डीव्हीड्या असलं सगळं हॉलमधल्या टीव्हीवर रिमोटने लावायचं असेल तर माझ्या मते फुकटात याच्यापुढे दुसरं काही नाही. पण "लावलं गं, पण सारखं अडकतंय" असं जे लोक मला सांगतात ना, त्यांच्यातल्या बहुतेकांचा सर्व्हर ठणठणीत असतो, दुखणं टीव्हीत असतं. म्हणून हा रिव्ह्यू निम्मा जेलीफिनचा आणि निम्मा टीव्हीचाच समजा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. घरातल्या एका कॉम्प्युटरवर सर्व्हर चालतो, तो तुमचे फोल्डर वाचतो, पोस्टर, कलाकार, गोष्ट वगैरे इंटरनेटवरून आणून लावतो आणि टीव्हीवरच्या अ‍ॅपमध्ये सगळं ओटीटीसारखं मांडून दाखवतो. आधी एम्बी नावाचं असंच सॉफ्टवेअर होतं, त्यांनी २०१८ च्या शेवटी आपला कोड सगळ्यांसाठी खुला ठेवणं बंद केलं तेव्हा काही लोकांनी जुना मोकळा कोड उचलून जेलीफिन सुरू केलं, ते आजही स्वयंसेवकच चालवतात. याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर, प्लेक्स, जास्त गुळगुळीत आहे, मान्य, दिसायलाही देखणं, पण एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी लाइफटाइम पास (एकदाच पैसे भरून कायमचा) १२० डॉलरवरून २५० डॉलरच्या घरात नेला आणि घराबाहेरून बघायलाही पैसे लावले. शिवाय त्यात त्यांच्याकडे खातं उघडून लॉगिन करावं लागतं. माझ्याच घरातली डिस्क, माझाच टीव्ही, मधे तिसऱ्याचं लॉगिन कशाला? जेलीफिनमध्ये खातं तुमच्याच मशीनवर असतं आणि नेट गेलं तरी घरातल्या घरात सिनेमा चालू राहतो, पावसाळ्यात याची किंमत कळते.

मशीन म्हणाल तर फार काही लागत नाही. ऑफिसांमधून लीज संपून बाहेर येणारे ते छोटे पीसी असतात ना, पाठ्यपुस्तकाएवढे, लॅमिंग्टन रोडला रिफर्बिश्ड मिळतात, त्यातलाच एक आमच्याकडे आहे, आठव्या जनरेशनचा इंटेल आय फाइव्ह. इंटेलचा आग्रह अशासाठी की त्यातल्या ग्राफिक्समध्ये क्विक सिंक असतं, व्हिडिओ एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात नेण्याचं काम ते प्रोसेसरला फारसा घाम न फोडता करतं. सातव्या जनरेशनपासून पुढचं घ्या म्हणजे टेन बिट एचईव्हीसी हा नवा, जड व्हिडिओ फॉरमॅटही निभतो. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर घेऊ नका या कामाला, फाइल जशीच्या तशी पाठवायला ठीक आहे पण रूपांतर करायची वेळ आली की बसतो, पाय ५ मध्ये तर व्हिडिओ नव्याने बनवणारा वेगळा भाग, हार्डवेअर एन्कोडर, ठेवलेलाच नाहीये.

आता हे रूपांतर प्रकरण जरा नीट सांगते कारण सगळी मेख इथेच आहे. टीव्हीला फाइल जशी आहे तशी चालत असेल तर सर्व्हर ती नुसती पाठवून देतो, याला डायरेक्ट प्ले म्हणतात, यात सर्व्हरला काही म्हणजे काही काम नाही. टीव्हीला चालत नसेल तर सर्व्हर ती चालू असतानाच बदलून देतो, ते ट्रान्सकोडिंग. म्हणजे आजोबांना दात नाहीत म्हणून भाकरी दुधात कुस्करून द्यायची, दर घासाला, आणि हात थांबला की जेवण थांबलं. तुमचं जे "अडकतं" ते बहुतेकदा हे.

आणि गंमत म्हणजे सर्व्हर याचं कारण स्पष्ट सांगतो, कुणी बघतच नाही. सिनेमा चालू असताना मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर जेलीफिनचा डॅशबोर्ड उघडा, तिथे कोण काय बघतंय त्याचा चौकोन दिसतो, त्यातल्या छोट्या 'i' चिन्हावर टिचकी मारली की लिहिलेलं असतं, ऑडिओ कोडेक (आवाज साठवायची पद्धत) चालत नाही म्हणून किंवा सबटायटल चालत नाहीत म्हणून बदलतोय. आमच्याकडे एक ब्ल्यू-रे वरून काढलेली फाइल, अडीच तासांचा सिनेमा, टीव्हीच्या आतल्या अ‍ॅपवर दर दोन मिनिटांनी गोल गोल फिरायला लागायची. घरात सगळ्यांचं मत "वायफाय बोंबललंय". डॅशबोर्डवर बघितलं तर सबटायटल. ब्ल्यू-रेची सबटायटल्स ही अक्षरं नसतात, चित्रं असतात, ती बऱ्याच टीव्हींना वेगळी दाखवता येत नाहीत, मग सर्व्हरला ती प्रत्येक फ्रेमवर छापून अख्खा व्हिडिओ नव्याने बनवावा लागतो आणि त्यात फोरके एचडीआर (जास्त उजेड-रंगांचं चित्र) असेल तर रंगही उतरवावे लागतात, म्हणजे डबल काम. सबटायटल बंद केली, फिरणं बंद. मग तीच सबटायटल्स साध्या अक्षरांच्या एसआरटी फाइलमध्ये आणून सिनेमाच्या नावाने शेजारी ठेवली, विषय संपला.

आवाजाचं दुखणं त्यामानाने हलकं. मधल्या काही वर्षांत बऱ्याच टीव्हींमधून डीटीएस या आवाजाच्या फॉरमॅटचा सपोर्ट काढून टाकला गेला, पण तेव्हा सर्व्हर चित्र तसंच ठेवून फक्त आवाज बदलतो, तेवढं जुना लॅपटॉपही करतो. त्यामुळे डॅशबोर्डवर "ट्रान्सकोडिंग" शब्द दिसला की लगेच घाबरू नका, काय बदलतोय ते वाचा.

म्हणून माझं मत पक्कं झालंय की पैसे सर्व्हरवर घालायच्या आधी टीव्हीला एक बरा अँड्रॉइड टीव्हीचा बॉक्स किंवा स्टिक लावा. टीव्हीच्या आतली चिप विकत घेतानाच जेमतेम असते आणि दोन-तीन वर्षांत कंपनी तिला विसरते. आमचा टीव्ही कुठला ते सांगत नाही, पण त्यातलं अ‍ॅप उघडेपर्यंत चहा उकळतो. बॉक्सवरचं जेलीफिन अ‍ॅप डीटीएससारखा आवाज स्वतःच उलगडतं, एमकेव्ही प्रकारच्या व्हिडिओ फाइल्स निमूट चालवतं, रिमोटही दहा-बारा बटणांचा. बॉक्स लावल्यापासून आमच्या डॅशबोर्डवर जवळजवळ कायम डायरेक्ट प्ले.

केबलबद्दल एक गोष्ट जी दुकानदार सांगणार नाही. चांगल्या महागड्या टीव्हींचंही लॅन पोर्ट पुष्कळदा फक्त १०० एमबीपीएसचं असतं. साध्या एचडी ब्ल्यू-रेला २० ते ४० पुरतं, पण फोरके ब्ल्यू-रेचा कमाल वेग १२८ पर्यंत जातो, म्हणजे नेमकी मारामारीच्या सीनला केबल लावूनही अडकेल आणि तुम्ही चक्रावून जाल, की आता तर वायरपण आहे! अशा वेळी फाइव्ह गिगाहर्ट्झचं वायफाय जवळ असेल तर ते केबलपेक्षा बरं चालतं. टू पॉइंट फोर वर आणि मधे दोन भिंती, तर नादच करू नका.

आता खरी मजा, आपल्या मराठी मालाची. इंग्रजी सिनेमांना पोस्टर-बिस्टर पटापट येतं. माहिती येते टीएमडीबी या सिनेमांच्या माहितीच्या साइटवरून, आणि तिथे लोकच भर घालतात, मराठीत भर घालणारे कमी, त्यामुळे जुन्या मराठी सिनेमाला त्याच नावाच्या हिंदी सिनेमाचं पोस्टर लागणं हे ठरलेलं. उपाय साधा आहे, फोल्डरला नाव आणि कंसात साल द्यायचं, तरी चुकलं तर आयडेंटिफाय करून हाताने निवडायचं. नाटकांचं मात्र अवघड. मोजर बेअरने २८ रुपयांत व्हीसीडी काढल्या होत्या तो काळ आठवत असेल, तेव्हा आमच्या सासऱ्यांनी सिनेमे आणि नाटकं पिशवी भरभरून आणली, बाकीच्या कंपन्यांचीही. नाटकांची टीएमडीबीवर बहुतेकदा नोंदच नसते, मग मी त्यांची वेगळी लायब्ररी केली, माहिती आणणं बंद केलं, कव्हरचे फोटो मोबाइलने काढून पोस्टर म्हणून टाकले, लेखक-कलाकार हाताने टाइप केले. रविवारची दुपार जाते, पण नंतर पडद्यावर ओळीने ती जुनी कव्हरं दिसतात तेव्हा भारी वाटतं. व्हीसीडीतली डॅट फाइल जेलीफिन ओळखत नाही, एफएफएमपेग या टूलने एमपीजीत काढून घ्यावी लागते. आणि ३५२ बाय २८८ चं चित्र ५५ इंचावर कसं दिसणार ते सांगायला नको, नटाच्या मिशा आणि ओठ वेगळे ओळखता येत नाहीत. आवाज मात्र स्वच्छ, आणि नाटक शेवटी ऐकायचंच असतं.

लग्नाच्या डीव्हीडीचं जरा सविस्तर. फोटोवाल्याने दिलेल्या डीव्हीडीत गुलाबांचा मेनू, मागे सनई, आणि आत एकेक जीबीचे व्हीओबी तुकडे. ते तुकडे तसेच टाकू नका, सिनेमाचे चार भाग होऊन बसतात. मेकएमकेव्ही नावाच्या सॉफ्टवेअरने एका फाइलमध्ये गुंडाळून घ्या, दर्जा कणभर उतरत नाही. दुसरं म्हणजे त्या काळचं शूटिंग इंटरलेस्ड, म्हणजे एक फ्रेम दोन हप्त्यांत. नव्या टीव्हीवर अंतरपाट सरकतो तेव्हा त्याच्या कडेला फणीच्या दातांसारख्या रेघा उठतात, अक्षता उधळल्या की तर सगळा पडदाच रेघारेघांचा. बॉक्स स्वतः हे सपाट करत नसेल तर या एका फाइलपुरतं ट्रान्सकोडिंग मुद्दाम होऊ द्यायचं, सर्व्हरच्या सेटिंगमध्ये डीइंटरलेसिंगला (या रेघा घालवायला) यादिफ किंवा बीडब्ल्यूडिफ अशा दोन पद्धती असतात, मला दुसरी जास्त आवडली, अक्षता अक्षतांसारख्या दिसल्या. (यात आमच्या चुलत सासऱ्यांचा पंगतीत आग्रह करतानाचा सात मिनिटांचा सलग शॉट आहे, घरात सर्वांत जास्त वेळा बघितला गेलेला व्हिडिओ तोच.)

मराठी सबटायटल्स वापरत असाल तर एक गोष्ट विसरू नका. सबटायटल चित्रावर छापली जात असतील आणि सर्व्हरवर देवनागरी फाँट नसेल तर नुसते चौकोन येतात. नोटो सॅन्स देवनागरी हा फाँट सर्व्हरच्या मशीनवर इन्स्टॉल करायचा, झालं.

घरच्यांना जमतं का? सासूबाईंना जमतं, म्हणजे बघा. त्या अ‍ॅपला "निळ्या त्रिकोणाचं चॅनल" म्हणतात, "अगं, त्रिकोण लाव गं जरा" असं सुरुवातीला होतं, आता स्वतः लावतात. कालचं नाटक जिथे सोडलं तिथूनच सुरू होतं याचं त्यांना फार कौतुक. टीव्हीवर पासवर्ड टाइप करायची कटकटही नाही, क्विक कनेक्ट निवडलं की सहा आकडी कोड येतो, तो मी माझ्या मोबाइलवरून टाकते. प्रत्येकाचं खातं वेगळं करा पण, नाहीतर मुलांच्या कार्टूनांमध्ये तुमचं अर्धवट राहिलेलं काहीतरी वर येऊन बसतं. वेबवरच्या भाषांच्या यादीत मराठी आहे, पण भाषांतर अर्धवट असल्याने खिचडी होते, मी इंग्रजीच ठेवलंय.

नणंद न्यू जर्सीला असते, तिलाही नाटकं हवी होती. इथे मात्र जेलीफिन हात वर करतं, बाहेरून पोचायची सोय तुमची तुम्ही करायची. आपल्याकडे बरेच नेटवाले सीजीनॅटच्या मागे ठेवतात, एकच पब्लिक पत्ता बऱ्याच घरांत वाटलेला, त्यामुळे राउटरवर पोर्ट उघडूनही उपयोग नाही, आणि खरं सांगायचं तर जेलीफिनचा ८०९६ पोर्ट असा जगाला उघडून ठेवूही नये. टेलस्केल टाका, दोन ठिकाणची मशीनं एकाच खासगी नेटवर्कात जोडणारं सॉफ्टवेअर, घरगुती वापराला फुकट आहे, दोन्हीकडे इन्स्टॉल केलं की तिचा टीव्ही आमच्याच घरात असल्यासारखा वागतो. अपलोडचा वेग बघून तिच्या खात्याला बिटरेटची (दर सेकंदाला किती डेटा जाईल त्याची) मर्यादा घातलीय. व्हीसीडीला तसंही दीड एमबीपीएस खूप झालं.

वीज फार खात नाही, रिकामा असताना १० वॉटच्या आसपास, म्हणजे दिवसरात्र चालू ठेवला तर महिन्याला सात-आठ युनिट. यूएसबीची हार्ड डिस्क मात्र झोपी जाते आणि प्ले दाबल्यावर जागी व्हायला काही सेकंद घेते, तेवढ्यात घरचे तीनदा बटण दाबतात आणि मग वेगळाच घोळ. आणि लाइटचा भरवसा नसेल तर मशीन, डिस्क आणि राउटर तिन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, मधेच वीज गेली तर डेटाबेस बिघडू शकतो. अपडेट आलं की लगेच दाबू नका, आधी कॉन्फिग आणि डेटाचे फोल्डर कॉपी करा. जेलीफिनच्या १०.११ आवृत्तीत डेटाबेसची आतली मांडणीच बदलली, मोठी लायब्ररी असेल तर ते अपडेट बराच वेळ चालतं, ते रविवारी नाटकाच्या वेळेला तर अजिबात करू नका. हाताने लावलेली पोस्टरं, टाइप केलेली नावं, कोणी कुठपर्यंत बघितलं ते सगळं तिथेच असतं, सिनेमे परत मिळतील पण ते टाइपिंग मी परत करणार नाहीये.