१२० रुपयांना एक गाजर गवत

लिहू की नको करत बरेच दिवस गेले कारण रक्कम काही फार मोठी नाहीये आणि लाजच जास्त वाटते, पण परवा ऑफिसातल्या एकीने विचारलं की दवण्याची रोपं कुठे मिळतील गं, तेव्हा म्हटलं आता लिहूनच टाकते.

आमचं कुलदैवत जोतिबा. सासूबाई कोल्हापूरकडच्या, चैत्र पौर्णिमेला डोंगरावर जाऊन दवणा वाहिला नाही तर त्यांना चैन पडत नाही. गुडघ्यांमुळे दोन वर्षं जाणं बंद झालंय. पुण्यात त्या दिवसांत फुलवाल्यांकडे दवण्याची जुडी मिळते तशी, पण माझ्या डोक्यात आलं की आपल्याच टेरेसवर लावला आणि स्वतः वाढवलेला दवणा आईंच्या हातात दिला तर त्यांना काय वाटेल! हौस म्हणा, नाहीतर सासूबाईंकडून शाबासकी घ्यायची इच्छा म्हणा.

नोव्हेंबरच्या शेवटी फेसबुकवर जाहिरात दिसली, रविवारी अमुक ग्राउंडवर रोपांचं प्रदर्शन आहे, तिथे आमचा स्टॉल, 'देवाचा दवणा, खात्रीची रोपं'. गेले. स्टॉलच्या दहा पावलं आधीच तो वास आला. ज्यांना माहितीये त्यांना माहितीये, गोडसर पण जरा उग्र, एकदम देवळात उभं असल्यासारखं. काळ्या पिशव्यांमध्ये रुपेरी पानांच्या नाजूक काड्या उभ्या. एक रोप १२० रुपये. सहा घेतली, ७२० झाले, वर १८० ची कसलीतरी 'रूट पावडर' गळ्यात मारली. पैसे क्यूआर कोडवर, नाव स्टॉलवरचं नव्हतं, भलत्याच कोणाचं तरी आलं. बिल मागितलं तर म्हणाला, "ताई, प्रदर्शनात कुठे बिल असतं, व्हॉट्सॲपवर पाठवतो." अजून यायचंय ते.

आता खरी गंमत त्याने दिलेल्या सूचनांमध्ये आहे, तेवढं नीट वाचा.

एक, आठ-दहा दिवस रोपाला अजिबात हात लावायचा नाही, हलवायचं नाही, मुळं सेट होतायत. आणि दुसरं, "वरची काडी वाळली तर घाबरू नका ताई, दवण्याचं तसंच असतं, बुडातून नवीन फुटवा येतो." मी ऐकून घेतलं. वर कौतुकच वाटलं की किती मनापासून सांगतोय.

घरी आणून कुंड्यांत पिशवीसकट ठेवली, त्याच दिवशी फोटो काढून त्याला पाठवले, 'मस्त आहेत, थँक्यू' वगैरे. आठवडाभरात सहाच्या सहा काड्या वाळल्या. आणि तो म्हणाला होता तसं बुडातून हिरवं फुटलं! मातीला चिकटून गोल पसरलेली, कातरलेली पानं. सहाही पिशव्यांत. मी इतकी खूश की बिल्डिंगमधल्या दोघींना त्याचा नंबर दिला, त्यांनी मिळून दहा रोपं मागवली. हे आठवलं की मला अजून कसंतरी होतं. माझे ९०० गेले ते गेले, पण त्यांचे माझ्या शब्दावर गेले.

वासाचं म्हणाल तर वास येत होता ना! तिथेच तर फसले. दवणा वाळला तरी त्याचा वास लगेच जात नाही, म्हणून तर लोक जुडी कपाटात ठेवतात. ती वाळकी काडी मी उपटली नव्हती, हात लावायचा नाही ना, मग कुंडीपाशी वाकलं की वास काडीचा आणि मी समजायचे फुटव्याचा. फुटव्याचंच पान चोळून बघावं एवढी अक्कल सुचली नाही.

डिसेंबरभर लाडाने पाणी घातलं. जानेवारीत त्याने मेसेज केला की शेंडे खुडा, जास्त फुटवे येतील. खुडले. दोन दिवसांनी मनगटावर पुरळ, खाज, मला वाटलं भांड्यांचा साबण बदलला म्हणून. शेजारच्या आजोबांच्या शिंका वाढल्या, ते थंडीवर गेलं. त्याला विचारलं उंची वाढतेय पण पानं रुपेरी का दिसत नाहीत, तर आधी 'ऊन कमी पडतंय', मग 'पाणी जास्त होतंय', मग 'आमची रूट पावडर परत एकदा टाका'. घेतली नाही परत, तेवढी तरी वाचले.

आई तिसऱ्या मजल्याच्या वर टेरेसवर चढू शकत नाहीत, आणि मलाही सरप्राइज द्यायचं होतं. पण एक दिवस राहवलं नाही, एक फांदी खाली घेऊन गेले. पांढरे बारीक कळे आले होते तिला. आईंनी डोळ्याला चष्मा पण लावला नाही, दोन बोटांत पान चोळलं, नाकाशी नेलं आणि फांदी लांब केली.

"हे काय आणलंयस गं? ही चटकचांदणी हाय. हात धू जा आधी."

चटकचांदणी म्हणजे गाजर गवत. म्हणजे काँग्रेस गवत. जे भारतात पहिल्यांदा नोंदवलं गेलं तेच मुळी पुण्यात, १९५० च्या दशकात, अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं असं म्हणतात. रिकाम्या प्लॉटवर, रेल्वेच्या कडेला, कुठेही फुकट उगवतं, महापालिका माणसं लावून उपटते, आणि मी ते १२० रुपयांना एक असं विकत आणून दोन महिने जोपासलं! अंगाला लागलं तर पुरळ, परागकणांनी शिंका. म्हणजे साबण पण निर्दोष आणि थंडी पण.

मग वर जाऊन ग्लोव्ह्ज घालून एकेक उपटलं (फुलायच्या आत उपटायचं असतं, एका झाडाला हजारो बिया धरतात). वाळकी काडी ओढली तर सर्रकन हातात आली, खाली तिरकी कापलेली, मुळाचा पत्ता नाही. नुसती जुडीतली काडी खोचलेली. तण काय कुठल्याही मातीत येतं, मान्य, पण सहा पिशव्यांत सहा, बरोबर मध्यभागी, काडीला खेटून? आणि मैत्रिणींच्या दहांपैकी दहा?

आईंनी मग सांगितलं की दवणा बियांचाच करतात, बी अगदी धुळीसारखं, ओल्या फडक्यात भिजवून वाळूत मिसळून टाकायचं, आणि बी त्याच वर्षाचं हवं, जुनं उगवत नाही. थंडीच्या तोंडाशी पेरला की फेब्रुवारी-मार्चपर्यंत हाताशी येतो. फुलं पिवळी, पांढरी नाहीत. मी हे आधी विचारलं असतं तर! पण सरप्राइज द्यायचं होतं ना. म्हणून रोप घेताना कोणी कितीही 'हलवू नका' म्हणू दे, तिथेच पिशवी उचलून भोकातून मुळं दिसतात का बघा, काडीला हलका हिसका द्या, आणि दरवळावर जाऊ नका, कोवळं पान स्वतःच्या बोटांनी चोळून बघा.

त्याला मेसेज केला, दोन निळ्या टिका आल्या, मग डीपी गायब. फोन लागत नाही. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला, त्यांनी व्यवस्थित ऐकून घेतलं पण पहिला प्रश्न बिल आहे का. मैत्रिणींचे पैसे मी दिले, एक नको नको म्हणत होती तरी दिले.

चैत्रात आईंसाठी फुलवाल्याकडून जुडी आणली.

आणि मागच्या आठवड्यात तीच जाहिरात परत दिसली, पेजचं नाव नवीन. खाली 'आमचे समाधानी ग्राहक' म्हणून फोटो. निळी टाकी, दोरीवर आईंचं हिरवं लुगडं, सहा काळ्या पिशव्या. माझीच टेरेस. मी खाली कमेंट टाकली, दहा मिनिटांत उडवली.