शिक्षा रद्द करण्याचे दोन मार्ग: भारताचे न्यायालय आणि सिंगापूरची संसद

समलैंगिक संबंध गुन्हा ठरवणारे कलम ३७७ इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातले, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. सिंगापुरात त्यांनीच १९३८ मध्ये ३७७अ आणले, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. भारतात सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. सिंगापूरच्या संसदेने २०२२ मध्ये कलम रद्द केले, पण त्याच वेळी विवाहाच्या प्रचलित, म्हणजे स्त्री-पुरुषांमधील विवाहाच्या, व्याख्येला घटनात्मक संरक्षणही दिले.

मला न्यायालयाचा मार्ग अधिक न्याय्य वाटतो, कारण मूठभरांचे हक्क बहुमताच्या मर्जीवर सोडायचे नसतात. मात्र निकाल घरोघरी पोहोचत नाही. सोलापुरात पूर्व भागातल्या एखाद्या यंत्रमागवाल्याचा समलैंगिक मुलगा तिशीला टेकला की स्थळांचे फोटो आणि पत्रिका घरात येऊ लागतात, आणि ‘लग्न झालं की सगळं सुरळीत होईल’ या आग्रहाची शिक्षा त्याला, तसेच काहीच ठाऊक नसलेल्या नवरीलाही भोगावी लागते. संसदेत खुली चर्चा झाली असती, तर निदान अशा पालकांच्या कानी विषय गेला असता. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलैंगिक विवाहाचा प्रश्न संसदेकडेच सोपवला आहे; तो तेथे मांडला जावा, ही मागणी आपल्या मतदारसंघातूनही गेली पाहिजे.